गुरम्माचा पेला

औसा
१३ जानेवारी २०२४

चि. शिवानी हिस आत्याचा आशीर्वाद.

पत्र बघून तुला वाटेल, म्हातारीला काय झालं, फोन सोडून कागद काळे करत बसली. पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मला ऐकू कमी येतं म्हणून मी ओरडून बोलते, आणि मी ओरडायला लागले की दुकानात आमचे हे, म्हणजे तुझे मामा, साखर तोलायचे थांबतात आणि गिऱ्हाईकही कान देऊन ऐकतं. काही गोष्टी गल्लीनं ऐकायच्या नसतात.

परवा अमावास्येला येळवस झाली, शेतातल्या पूजेची. आम्ही सगळे लक्ष्मीबाईच्या शेतात गेलो होतो. लक्ष्मीबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहते ती, जिच्या परसातले पेरू तू लहानपणी चोरायचीस. भज्जी खाल्ली, आंबील प्यायलो. आमच्या संगमेशनं तीनदा मागून घेतली. बाजरीचे उंडे सुकन्यानं केले होते आणि छान केले होते. ही सून मला खोड काढायला जागाच ठेवत नाही, त्यामुळे सासू म्हणून माझी फार पंचाईत होते.

तर काम असं आहे. लक्ष्मीबाईला डाव्या छातीत गाठ लागते. दिवाळीत हरभऱ्याएवढी होती, आता बोराएवढी झाली. दुखत नाही. कुशीवर झाली की शिवदोरा नेमका तिथं घासतो, तेवढाच त्रास. बाई लाजाळू, घरात कुणाला सांगत नाही. तू असल्याच गाठींच्या वॉर्डात काम करतेस म्हणून विचारते, अशी गाठ गोळ्यांनी विरघळते का? विरघळत असेल तर गोळीचं नाव लिहून पाठव. ऑपरेशनचं सांगू नको, ते तिला चालणार नाही.

उत्तर लक्ष्मीबाईच्याच पत्त्यावर टाक. आमच्याकडे टाकलंस तर तुझे मामा पाकीट फोडून दुकानात मोठ्यानं वाचतील.

वेळेवर जेवत जा. दवाखान्यातून आलीस की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाहीस ना?

तुझी आत्या
सिद्धम्मा


नांदेड
१९ जानेवारी २०२४

ती. आत्यास शरणार्थ.

तुझं पत्र ड्यूटीवरच मिळालं. वॉर्डातल्या आयाबाई म्हणाल्या, "सिस्टर, लग्नाचं आलं का काय?" चौतिसाव्या वर्षी हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट आलं की लोकांना दुसरं काही सुचत नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, अशी गाठ गोळ्यांनी विरघळत नाही. दुखत नाही म्हणून तर तिची जास्त काळजी करायची. दोन महिन्यांत हरभऱ्याची बोराएवढी होणारी गाठ तपासल्याशिवाय सोडायची नसते. सगळ्याच गाठी वाईट नसतात, आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका हसत परत जातात. पण ते तपासल्यावरच कळतं. फोटो काढतात, सुईनं थोडंसं घेऊन बघतात. एका दिवसाचं काम आहे. मी सोबत असेन. गाठ दाबून बघायची नाही, शेकायची नाही, तिच्यावर काही लावायचं नाही.

आता माझा प्रश्न. लक्ष्मीबाई मराठ्यांच्या. त्यांच्या गळ्यात काळी पोत असते, ती मी लहानपणापासून बघतेय. इष्टलिंगाचा शिवदोरा आपण लिंगायत घालतो, तो त्यांच्या गळ्यात कुठून आला?

आत्या, गाठ कुणाला आहे?

मला रागावू नको. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझी
शिवानी


औसा
२७ जानेवारी २०२४

चि. शिवानीस,

तू वकील व्हायला हवी होतीस. आयुष्यभर आपल्या गळ्यात जे आहे तेच हातून लिहिलं जातं, त्याचा एवढा गवगवा कशाला? गाठ लक्ष्मीबाईचीच आहे आणि आता उतरणीला लागली आहे. नायगावकडचा एक वैदू बाजारात बसतो, त्याचा लेप चालू केलाय.

सुई नको आणि चाकूही नको. सुई टोचली की ते अंगभर पळतं. मी हे कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या आईच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय. ऑपरेशन केलं आणि तीन महिन्यांत आई गेली. तू सात वर्षांची होतीस, तुला काय आठवणार.

नर्स झाल्यापासून तुला सगळ्यांच्या अंगात रोगच दिसतो. आणि ही जीभ! या जिभेमुळेच तुला सून करून घेतली नाही मी. पुन्हा या विषयावर लिहू नको.

सिद्धम्मा


औसा
२० फेब्रुवारी

शिवानीबाय, रामराम.

मी लक्ष्मीबाई लिहून राहिले. चौथी शिकले, चुकलं तर हसू नको.

तुजी आत्या म्हनती गाठ माजी हाय. माजी न्हाई पोरी. मला गुडघ्याशिवाय कायबी न्हाई. तुजं पत्र हितंच माज्या चुलीपाशी बसून वाचलं तिनं. चार डाव वाचलं, अन् पदर डोळ्याला लावून बसली.

तिनं तुला खरं लिहिलं न्हाई, म्हून मी लिहिते.

त्या लेपानं कातडी पोळली. पानी येतंय. सुकन्यानं इचारलं तर म्हनती घामोळं हाय. माघ म्हयन्यात कुनाला घामोळं येतंय का? म्या म्हनलं, सिद्धम्मा, चल नांदेडला, पोरगी हाय आपली तिथं. तर म्हनती, तिथं गळ्यातलं लिंग काढाया लावतेत. ते काढलं तर मी मेल्यावानीच. मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमचं तुमाला ठावं.

हे लिहिलं म्हून ती माज्यावर लई रागावंल. पाच वर्सं बोलली न्हाई तरी चालंल मला. पर ती मरूनच गेली तर मी बोलू कुनाशी?

तू काय ते कर. पर लवकर कर.

लक्ष्मीबाई


नांदेड
२४ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास शरणार्थ.

लक्ष्मीबाईंवर रागावू नको. त्यांनी लिहिलं नसतं तर आज मी गाडीत बसून औशाला आले असते आणि तुझ्या दुकानासमोर उभं राहून तुझ्यासारखीच ओरडले असते. ते तुला परवडलं नसतं.

गेल्या वेळी तू लिहिलंस, आजीला चाकू लागला आणि ते पळालं. आत्या, मी बारा वर्षं याच कामात आहे. ते चाकूनं पळत नाही. आजीनं दोन वर्षं पदराखाली लपवलं, त्या दोन वर्षांत ते पोहोचायचं तिथं पोहोचलं होतं. दवाखान्यात नेलं ते शेवटी, आणि दोष चाकूला आला. आमच्याकडेही बहुतेक बायका अशाच शेवटी येतात. येतात तेव्हा सोबतचे लोक रोगाचं नावसुद्धा घेत नाहीत, 'मोठा आजार' म्हणतात. नाव घेतलं की तो घरात येईल असं वाटतं त्यांना. नाव न घेता तो घरात येऊन बसलेला असतो.

आता लिंगाचं. तुला काय वाटलं, मी काढून ट्रेमध्ये टाकायला सांगेन? इथल्या एका म्हाताऱ्या मठपतींना मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, लिंग छातीवरच असावं असं कुठं आहे, ते अंगावर असावं. दंडाला बांधतात, हातात धरतात, डोक्यावरही बांधतात, आणि ते तर सगळ्यात वरचं स्थान. मग आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांची अडचण लिंग ठेवायच्या चांदीच्या डबीची, करडगीची आहे. ऑपरेशनात विजेचं यंत्र वापरतात, त्यामुळे अंगावर धातू चालत नाही. लिंग धातूचं नाही. करडगीतून काढून पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि डोक्याला बांधून वरून टोपी घातली तर त्यांची काही हरकत नाही. म्हणजे तुझी हरकत संपली आणि त्यांचीही.

मला काय आठवतं, ते एकदा सांगते. मी सात वर्षांची होते, पण आठवतं. उदगीरच्या घरातली मागची खोली, जिथं आधी सरपण असायचं. गुरम्मा आजीचं वेगळं ताट, वेगळा पितळी पेला, त्याच्या काठाला पोचा होता. सगळे उंबऱ्यातून ताट सरकवायचे. मी एकदा आत जाऊन तिच्या मांडीवर बसले, तिच्या पेल्यातलं पाणी प्यायले आणि तुझा मार खाल्ला. मला मार आठवत नाही फारसा. आजी हसली होती, ते आठवतं. मी नर्स झाले ती त्या दिवशी. घरातल्यांना फक्त दहा वर्षांनी कळलं.

आणि जिभेमुळे मला सून केली नाहीस म्हणतेस! जीभ तर मला पहिल्यापासून होती. मी नर्सिंगला लागल्यावर औशाला आले, तेव्हा तू मला परसदारी उभी करून अंगावर पाणी ओतलंस. पूजेच्या वेळी मी तुझी करडगी उचलून द्यायला गेले तर म्हणालीस, "दवाखान्याचे हात लावू नको." आपल्यात सूतक नाही, विटाळ नाही, हे मला कुणी शिकवलं होतं? तूच शिकवलं होतंस, माझी वेणी घालता घालता. मी त्याचं काही मनात धरलेलं नाही. संगमेशशी लग्न झालं असतं तर आज दुकानात गूळ फोडत बसले असते. सुकन्या तिथं शोभते.

लेप आजच्या आज धुऊन टाक, कोमट पाण्यानं. आणि ये. लिंगाची अडचण मी सोडवली आहे, आता दुसरी कुठली राहिली ते लिही.

शिवानी


औसा
४ मार्च २०२४

चि. शिवानीस आशीर्वाद.

लेप धुतला. लक्ष्मीबाईनं धुतला. धुताना माझ्यापेक्षा तीच जास्त रडत होती. रागावणार होते, पण ज्या बाईच्या हातात आपली ओली जखम असते तिच्यावर रागावता येत नाही.

गाठ माझी आहे. लिहिलं एकदाचं.

तुझं लिंगाचं वाचून बरं वाटलं, पण पोरी, तू चुकीचं कुलूप उघडलंस. लक्ष्मीबाईला मी लिंगाचं कारण सांगितलं, कारण ते सांगता येण्यासारखं होतं. खरं कारण तुझ्याच पत्रात आहे. ती मागची खोली.

ती खोली मी झाडली होती शिवानी. सरपण मीच बाहेर काढलं. ताट मी वेगळं केलं. आता सासरी आहे त्या धाकटीच्या बाळंतपणाला माहेरी आले होते, ती अंगावर पीत होती, सगळे म्हणाले लेकराला लागेल. मी ऐकलं. आईनं मला दहादा हाक मारली असेल, "सिद्धू, जरा येऊन बस." मी उंबऱ्यातून म्हणायचे, "बाळ रडतंय." बाळ झोपलेलं असायचं. तुला मारलं ते तू पाणी प्यायलीस म्हणून मारलं नाही. तू सात वर्षांची पोर आत जाऊन बसलीस आणि मी तिची लेक बाहेर उभी होते, म्हणून मारलं. तुझ्या दवाखान्याच्या हातांचा मला राग होता तो याच कारणानं. तुझे हात बघितले की मला ती खोली आठवायची.

आई गेल्यावर तिचं ताट विहिरीवर टाकून आलो. पेला माझ्याच्यानं टाकवला नाही. मी तो इकडं आणला. सत्तावीस वर्षं माझ्या पेटीत तळाला आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळून. कुणी त्यातून पाणी प्यायलं नाही, मीही नाही.

मला रोगाची भीती नाही वाटत. मला भीती वाटते सुकन्याची. ती चांगली आहे म्हणून जास्त वाटते. मी तर पोटची लेक होते आणि मी असं केलं. ती तर परक्याची. आमच्याही घराला मागं एक खोली आहे, तिच्यात गुळाच्या ढेपा असतात. मी रोज त्या खोलीसमोरून जाते आणि मला वाटतं, ढेपा हलवायला किती वेळ लागतो? जे मी आईला दिलं तेच माझ्याकडं फिरून येतंय, आणि ते माझ्या हक्काचंच आहे.

पण लक्ष्मीबाईनं काल एक गोष्ट म्हटली. म्हणाली, "तुला कुनी खोलीत घातलं तर माजं घर भिंतीला भिंत हाय. भिंत पाडीन मी." ही बाई पाडेलसुद्धा.

शुक्रवारी शिवरात्र. ती झाली की सोमवारी येते. घरात सांगितलंय, लक्ष्मीबाईला माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जायचंय, मी सोबतीला जाते. देवीच्या नावानं खोटं बोलले, ते तिला नंतर समजावून सांगेन.

एक अट आहे. लिंग डोक्याला बांधायचं ते तू बांधायचं. दुसऱ्या कुणाचा हात नको.

तुझी आत्या
सिद्धम्मा


औसा
२६ एप्रिल २०२४

चि. शिवानीस आशीर्वाद.

तू फोन करतेस आणि मी नुसतं "हाव, हाव" म्हणते, त्याचा राग मानू नको. फोन सुकन्याच्या हातात असतो.

जखम सुकली. टाके काढले त्या जागी खाजतं. दुसरं सलाईन झाल्यावर केस गेले, सगळे. तुझे मामा म्हणाले, "आता मठातल्या स्वामींसारखी दिसून राहिलीस, पाया पडू का?" त्या माणसाला अडतीस वर्षांत पहिल्यांदा विनोद जमला. मग दुकानात जाऊन रडला म्हणे, संगमेशनं सांगितलं. माहूरच्या खोट्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. तू फोन केलास आणि तिघंही मिळेल त्या गाडीनं नांदेडला धावत आले, ते मी भुलीच्या गुंगीत बघितलं होतं. संगमेशच्या पायात चपला दोन जोडांच्या होत्या. ते खरं का माझा भ्रम?

घरी आल्यावर मीच माझं ताट आणि पेला वेगळा काढला आणि मागच्या ओसरीवर बसून जेवायला लागले. कुणी सांगायच्या आधी आपणच केलेलं बरं, मान राहतो. सुकन्या ताट आणून ठेवते आणि लगेच आत जाते. तोंड उतरलेलं असतं. थांबत नाही, बसत नाही. मला कळतं ते. मी तिला दोष देत नाही.

मी विचारणार होते ते दुसरंच. भूल दिल्यावर मला काहीच माहीत नाही. माझं लिंग तेवढा वेळ कुठं होतं? तू बांधलंस ते मला आठवतं, तुझे हात थंडगार होते. पण पुढं? खाली ठेवलं होतं का कुठं? खरं सांग. मी काही म्हणणार नाही.

सिद्धम्मा


नांदेड
२ मे २०२४

ती. आत्यास शरणार्थ.

चपलांचं खरं आहे. एक स्वतःची आणि एक मामांची.

आता लिंगाचं, जसं झालं तसं सांगते. करडगी मी तुझ्यासमोर उघडली. त्याआधी हात कोपरापर्यंत दोनदा धुतले. गुरूंनी दिल्यापासून ते तुझ्याशिवाय कुणाच्या हातात गेलेलं नाही, हे मला माहीत होतं. पांढऱ्या कापडात गुंडाळून तुझ्या डोक्याला बांधलं आणि वर हिरवी टोपी चढवली. माझी ड्यूटी वॉर्डातली, ऑपरेशन थिएटरमधली नाही. डॉक्टरांना विनंती केली, त्यांनी मला तुझ्या डोक्याशी उभं राहू दिलं.

अर्ध्या तासानं भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, हे सुटून राहिलंय." तुझे केस तेलकट, कापडाची गाठ घसरत होती. मी पुन्हा बांधली. परत सैल झाली. मग मी बांधायचा नाद सोडला आणि टोपीवरून दोन्ही हात तुझ्या डोक्यावर ठेवले. ऑपरेशन संपेपर्यंत ठेवले, सव्वादोन तास. ते कुठंही खाली ठेवलं नव्हतं आत्या. एका क्षणासाठीही तुझ्या अंगावेगळं झालं नाही. दवाखान्याच्याच हातांखाली होतं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. माझं लिंग मी कामावर जाताना घालत नसे. गेली चार वर्षं तर ते खोलीत डबीतच होतं. तू म्हणाली होतीस ना, हात लावू नको. मला वाटायला लागलं होतं की खरंच या हातांनी लावू नये. त्या दिवशी सकाळी ते घालून आले. अजून काढलेलं नाही.

आता ताटाचं. मी तुझ्यावर खरंच रागावले आहे. हा रोग ताटातून, पेल्यातून, अंथरुणातून लागत नाही. कुणाला लागला नाही, लागणार नाही. लागत असता तर आमचा अख्खा वॉर्ड आजारी पडला असता. उलट सलाईनमुळे तुझ्या अंगातली ताकद कमी झाली आहे, बाहेरून येणाऱ्यांचा सर्दी-खोकला तुला लागू नये म्हणून तूच जप. पाणी उकळून पी. एवढंच.

आणि मला सांग, ताट वेगळं कुणी काढलं? सुकन्यानं की तू? ओसरीवर कोण जाऊन बसलं? त्या मुलीनं ढेपा हलवल्या का? तिला विचारलंस का एकदा तरी, की तिचं तोंड का उतरलंय? लिंगाची अडचण समजून मी चुकले होते. तूही चुकत असशील. विचार तिला.

अजून दोन सलाईन आणि मग किरणं. किरणांच्या वेळी लिंग दंडाला बांधू, डोक्यावर आता घसरेल.

तुझी
शिवानी


औसा
१९ मे २०२४

चि. शिवानीस आशीर्वाद.

सुकन्याला विचारलं. म्हणजे मी विचारायच्या आधी लक्ष्मीबाईनंच भिंतीवरून विषय काढला, ती कुणाला थांबू देते?

सुकन्या तिच्याकडं जाऊन रडली होती म्हणे. "आत्याबाईंना माझा राग आलाय. माझ्या हातचं चालेना झालंय त्यांना, वेगळ्या बसतात. नांदेडला जाताना मला सांगितलं नाही, माहूरचं सांगून गेल्या. मी काय एवढी परकी आहे का?" इतके दिवस पोरगी माझं ताट आणून ठेवायची आणि मी काही बोलेन म्हणून घाबरून आत पळायची. मी ओसरीवर बसून म्हणायचे, बघ, थांबत नाही. दोघी एकमेकींना भिऊन अर्धपोटी जेवत होतो.

मी तिला सगळं सांगितलं. आईचं, खोलीचं, माझं. तिनं ऐकून घेतलं. भाकरी थापत होती, हात पिठाचे. उठली, माझ्या समोर बसली आणि माझ्या ताटातला पिठल्याचा घास उचलून खाल्ला. मग म्हणाली, "मीठ कमी पडलंय, सांगायचं नाही का?" आणि परत जाऊन भाकरी थापायला लागली.

मी हातात घास धरून तशीच बसले. शिवानी, एवढंच होतं ते. घास उचलून खायचा, एवढंच. आईला मी तेवढं देऊ शकले असते. तिनं काय मागितलं होतं? जरा येऊन बस म्हणाली होती.

दुपारी पेटी उघडली. जुन्या लुगड्यातून पेला काढला. पार काळा पडला होता. चिंच लावून घासायला बसले तर लक्ष्मीबाई म्हणाली, "दे हिकडं, हातात जोर न्हाई तुज्या." मी दिला नाही. एका हातानंच घासला, डावा अजून वर होत नाही. काठाचा पोचा तसाच आहे, तुला आठवतो तसा.

आधी वाटलं, तुला पाठवावा, तो तुझाच आहे खरं तर. त्यातून प्यायलीस ती एकटी तूच. पाठवीन. पण त्याआधी माझं एक राहिलं होतं.

सुकन्यानं पाणी उकळून गार केलेलं होतं. त्या पेल्यात घेतलं. ओसरीवर नाही, आत स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या मध्ये बसून. लिंगाला हात लावला, आईचं नाव घेतलं आणि प्यायले.

काही नाही गं. नुसतं पाणी होतं.

तुझी आत्या
सिद्धम्मा